पोरांची पहिली एल्क शिकार आणि अनोळखी डोंगर: तयारी कुठून सुरू करायची

आमच्या लेकीला १३व्या वर्षी अमेरिकेत, कोलोराडोत मादी एल्कचा (एल्क म्हणजे तिथलं मोठं हरीण) टॅग, म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा परवाना, लागला, तोही पार पश्चिमेकडच्या, फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूच्या युनिटचा (शिकारीच्या ठरलेल्या भागाचा), जिथे आमच्यापैकी कोणी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. नंतर ओळखीतल्या दोन-तीन घरांतून तेच ते प्रश्न यायला लागले म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. आपल्या बहुतेकांच्या घरात शिकार कोणी बघितलेली नसते, भारतात १९७२च्या कायद्याखाली ती बंदच आहे, त्यामुळे इथली मुलं आजोबांच्या मागे फिरत जे वर्षानुवर्षं उचलतात ते आपल्याला काही महिन्यांत शिकायचं असतं. जमतं ते. फक्त सुरुवात योग्य टोकाकडून करा.

योग्य टोक म्हणजे शेवटचं टोक. एल्क जिथे पडेल तिथून मांस गाडीपर्यंत कोण आणणार, किती खेपांत, कुठल्या वाटेने, हे आधी ठरवायचं आणि मग मागे मागे येत बाकीचं. मोठी मादी जिवंतपणी ५०० पाउंडांच्या आसपास असते, तिची मागची एक तंगडी हाडासकट ५०-६० पाउंडांच्या घरात जाते, आणि हे सगळं ९००० फुटांवर, दिवस मावळल्यावर, हेडलॅम्पच्या उजेडात पाठीवरून आणायचं असतं. आम्ही दोन मोठी माणसं होतो, मी आणि बरीच वर्षं शिकार करणारा एक शेजारी, म्हणून हद्द ठरवली की गाडीपासून एक मैलाच्या पुढे एल्क दिसला तर बघायचा, फोटो काढायचा, गोळी नाही. उताराचंही तसंच, गाडी वर आणि एल्क खाली दरीत असेल तर अर्धा मैलसुद्धा फार होतो. लेकीला हे घरी बसूनच समजावलं होतं, कारण समोर कळप उभा असताना कुठलंही पोर असल्या गोष्टी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतं. आणखी एक, फेडरल वाइल्डरनेस म्हणून जाहीर झालेल्या भागात चाकाची गाडी चालत नाही, मांस ओढायची दोन चाकी ढकलगाडीसुद्धा नाही, तेव्हा नकाशावर ती हद्द कुठून जाते ते नीट बघून ठेवा.

आता कागदपत्रं, कारण यात उशीर झाला तर वर्ष जातं. कोलोराडोत मोठ्या जनावराच्या शिकारीला किमान वय १२. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशन कार्ड लागतं, म्हणजे तुमच्या पोराला लागतंच, आणि १२ ते १५ वयाच्या मुलासोबत १८ किंवा जास्त वयाचा मेंटॉर असावा लागतो, त्यानेही हंटर एज्युकेशनची अट पूर्ण केलेली हवी. मेंटॉर आणि मूल एकमेकांना दिसले आणि ऐकू आले पाहिजेत, दुर्बीण किंवा वॉकीटॉकी न वापरता. क्लास थंडीतच उरकून टाका, पोराबरोबर तुम्हीही बसा. ड्रॉचे, म्हणजे टॅगच्या सोडतीचे, अर्ज साधारण एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असतात, नाही लागला तर उरलेले टॅग उन्हाळ्यात निघतात, त्यावर लक्ष ठेवा. मुलांसाठी मादीचाच टॅग मागा असं माझं ठाम मत आहे, मिळायला सोपा, शोधायला सोपा, आणि शिंगांच्या नादात मूल (आणि बाप) लांबची वेडीवाकडी गोळी मारायला जात नाही.

व्हिसावाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या स्वतःजवळ ठेवायला मनाई आहे, काही अपवाद सोडून, आणि वैध हंटिंग लायसन हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पण पोरगं इथे जन्मलेलं, टॅग त्याचा, आणि रायफल मात्र तुमच्या कपाटात, तुमच्या गाडीत, असं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, हे अंदाजाने करायचं काम नाही. आणि घरात मूल असताना रायफल कुलपात ठेवणं हा कोलोराडोत कायदाच आहे.

रायफलचं थोडक्यात सांगतो कारण यावर लोक तासनतास भांडतात. कोलोराडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि लागल्यावर पसरणारी गोळी लागते. मुलांना ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर, .३०८ यातलं काहीही चालतं, .२४३ कायदेशीर आहे पण त्यात चूक माफ होत नाही, मी स्वतः दिली नसती. धक्क्याला घाबरून डोळे मिटणारं मूल मोठ्या मॅग्नमपेक्षा लहान कॅलिबरने कितीतरी चांगलं मारतं. आम्ही ७ एमएम-०८ घेतली, गोळी अख्खी तांब्याची, मांसात शिशाचे कण नकोत म्हणून.

खरा वेळ सरावाला द्या, आणि तो बेंचवर बसून नको. उन्हाळाभर लेक हॉलच्या जमिनीवर बसून, गुडघे वर, रायफल तिकाटण्यावर, असा रिकाम्या रायफलचा सराव करायची. चेंबर रिकामं आहे हे मी बघायचो, मग तिने बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. नळीच्या टोकाशी एक नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबल्यावर नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी दहापैकी नऊ वेळा पडलं. ऑगस्टमध्ये नाणं हलेनासं झालं आणि तिचं तिलाच कळलं की आता बोट वेगळं चालतंय. रेंजवर आधी .२२ भरपूर, मग मोठी रायफल दर वेळी फक्त १०-१२ गोळ्या, कानावर प्लग आणि मफ दोन्ही. टार्गेट म्हणून जेवणाची कागदी प्लेट लावा, बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, ज्या अंतरावर पाचपैकी पाच प्लेटमध्ये बसतात ते त्या मुलाचं अंतर. आमचं निघालं १५० यार्ड. शेजारी म्हणाला २०० पण जाईल, लेक म्हणाली नाही, १५०च, आणि तिचंच ऐकलं.

एक गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. सराव सगळा टी-शर्टात झाला होता आणि सप्टेंबरात एकदा सहज तिला जाड जॅकेट आणि केशरी बंडी घालून रायफल खांद्याला लावायला सांगितली, तर दस्ता एकदम लांब पडायला लागला, डोळा स्कोपपासून मागे, चित्राभोवती काळी कड. हे डोंगरात पहाटे कळलं असतं तर संपलंच होतं. दस्त्याच्या मागची एक पट्टी काढली आणि पुढचा सगळा सराव पूर्ण पोशाखात, हातमोज्यांसकट. स्कोप कायम सगळ्यात कमी झूमवर ठेवायला शिकवा, ३ किंवा ४वर, कारण झूम वाढवलेलं असलं की मुलाला त्या गोलात नुसतं गवत दिसतं, जनावर सापडतच नाही, आणि तोवर कळप निघून गेलेला असतो.

आता अनोळखी मुलूख. मे-जूनमध्ये ड्रॉचा निकाल लागला की लगेच कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफला फोन करा, त्यांच्याकडे हंट प्लॅनर बसतात, त्यांचं कामच हे आहे. पण एल्क कुठे आहेत असा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर सगळीकडे असंच येतं. सांगा की १३ वर्षांचं मूल आहे, एक मैलाची हद्द आहे, ऑक्टोबरच्या शेवटी या युनिटमध्ये कुठल्या उंचीपासून सुरुवात करू, आणि बर्फ पडला तर एल्क खाली कुठल्या बाजूला सरकतात. असं नेमकं विचारलं की समोरचा माणूसही मोकळेपणाने बोलतो. आम्हाला तीन भागांची नावं मिळाली, त्यातला एक आम्ही नकाशावर बघितलाही नव्हता.

मग घरी बसून नकाशा. ऑनएक्स किंवा गाया यांसारख्या ॲपवर जमिनीची मालकी रंगांनी दिसते, नॅशनल फॉरेस्ट वेगळं, बीएलएम (तीही केंद्र सरकारचीच सार्वजनिक जमीन) वेगळं, खाजगी वेगळं. कोलोराडोत खाजगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असं नाही, कुठे उभे आहात हे माहीत असणं ही तुमची जबाबदारी, आणि जमीनमालकाची परवानगी नसेल तर जखमी जनावराच्या मागेही आत जाता येत नाही. म्हणून हद्दीला चिकटून बसूच नका, निदान पाव मैल आत राहा. नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा आणि एक कागदी पण छापून घ्या, तिथे नेटवर्क नाही असंच धरून चाला.

नकाशात काय शोधायचं? ट्रेक करणाऱ्याला धार, सोंड, खिंड, घळ वाचता येतात, तेच इथे उपयोगी पडतं. एल्क पहाटे आणि संध्याकाळी उघड्या गवतात चरतात आणि दिवसभर दाट झाडीत, बहुतेक वेळा उत्तरेकडच्या थंड उतारावर, बसून रवंथ करतात. तेव्हा गवताळ मोकळी जागा, तिच्या वर किंवा बाजूला उत्तर उताराची काळी झाडी, जवळपास पाणी, आणि रस्त्यापासून थोडी आडोशाला, असं जिथे एकत्र येतं तिथे खूण करा. ॲस्पनची राई मधे असेल तर फारच छान. मग प्रत्येक खुणेपासून गाडीपर्यंतची वाट मोजा, चढ किती ते बघा, आणि एक मैलात न बसणाऱ्या सगळ्या खुणा पुसून टाका. आमच्या १४ खुणांपैकी ५ उरल्या.

त्या ५ बघायला ऑगस्टमध्ये दोन दिवस प्रत्यक्ष गेलो, आणि हा खर्च तुम्हीही कराच. ज्या गवतावर माझा सगळ्यात जास्त जीव जडला होता तिथे जाणारा कच्चा रस्ता मधेच एका रँचमधून जात होता, फाटक बंद, कुलूप. घरी स्क्रीनवर ती रेघ अगदी सरळ दिसत होती. शिकारीच्या पहाटे पाच वाजता त्या फाटकापुढे उभे राहिलो असतो तर पहिली सकाळ गेलीच होती. दुसरीकडे उलटं झालं, नकाशावर जी घळ अगदी किरकोळ वाटत होती तिथे चिखलात हरणापेक्षा मोठे, गोलसर, चारेक इंची खूर, काळपट चमकदार ओल्या लेंड्या, आणि झाडीत शिरताच गोठ्यासारखा उग्र वास आला. लेकीने नाक मुरडलं आणि लगेच विचारलं, हाच का? हाच. तो वास एकदा नाकात बसला की मुलाला डोंगर वेगळा दिसायला लागतो, मग त्याला कंटाळा येत नाही. लेंड्या करड्या, कोरड्या, काडीने फुटणाऱ्या असतील तर जनावर तिथून जाऊन खूप दिवस झालेत.

वाऱ्याचं मुलालाच शिकवा, त्याचंच काम करून टाका. एल्कला तुम्ही दिसलात तर तो थबकून बघतो, पण वास गेला की परत येत नाही. डोंगरात सूर्य वर यायच्या आधी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की तीच हवा वर चढायला लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणजे पहाटे एल्कच्या खालच्या बाजूने, दिवसा वरच्या बाजूने जवळ जायचं. लेकीच्या हातात पावडरची छोटी बाटली दिली होती, दर दहा मिनिटांनी एक फुंकारा, आणि वारा फिरला की ती आम्हाला थांबवायची, दोघा मोठ्या माणसांना. तिच्याइतकं मन लावून आम्ही दोघांनी ते केलं नसतं.

जनावर ओळखणं हे गोळी मारण्याआधीचं अर्धं काम आहे. त्याच डोंगरात मूस (हरणांतलीच आणखी मोठी जात) पण असतात आणि दर वर्षी एल्क समजून मूस मारले जातात. एल्कचं अंग फिकट तपकिरी, मान गडद, आणि पुठ्ठा पांढुरका पिवळट, शॉनी भाषेतलं वापिटी हे नाव त्या पांढऱ्या पुठ्ठ्यावरूनच आलंय. मूस जवळजवळ काळा, लांब लोंबतं नाक, पुठ्ठ्यावर पांढरं काही नाही. मादीच्या टॅगवर कोवळ्या शिंगांचा छोटा नर चालत नाही, कोलोराडोत शिंग ५ इंचांच्या आत असेल तरच ते जनावर त्या टॅगमध्ये बसतं, त्यामुळे दोन्ही कानांच्या मधली जागा दुर्बिणीतून बघायची, स्कोपमधून नाही. आणि मागे दुसरं जनावर उभं नाही ना हे दर वेळी मोठ्याने, म्हणजे कुजबुजत, मुलाकडून वदवून घ्या. आमचा संवाद ठरलेला होता. मी विचारायचो, "काय दिसतंय?" ती म्हणायची, "मादी. आडवी. मागे मोकळं. दीडशेच्या आत." आडवी म्हणजे उभीच, पण कूस आपल्याकडे. चारही उत्तरं आली तरच सेफ्टी काढायची.

कपड्यांत कॉटन अजिबात नको, आतल्या बनियनपासून मोज्यांपर्यंत लोकर किंवा सिंथेटिक. बूट दोन महिने आधी घेऊन शाळेत, बागेत, सगळीकडे घालायला लावा. केशरी किंवा गुलाबी फ्लोरोसंट कपडा कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच आणि डोक्यावरही, हा नियम आहे, केशरी कॅमो यात मोजला जात नाही. बंडी जॅकेटवरून बसेल एवढी मोठीच घ्या, नाहीतर थंडी वाजली की मूल वरून दुसरं जॅकेट चढवतं आणि सगळं केशरी झाकलं जातं. बसायला फोमचा तुकडा, हात गरम करायच्या पुड्या, तीन लिटर पाणी, आणि मुलाला खरंच आवडतं असं खाणं, पौष्टिक म्हणून तुम्हाला आवडतं ते नव्हे. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो, घ्या, आणि घरच्या माणसाला लिहून द्या की रात्री अमुक वाजेपर्यंत मेसेज नाही आला तर कोणाला फोन करायचा.

उंचीला हलक्यात घेऊ नका. पहिल्या रात्री आम्ही थेट ९००० फुटांवर तंबू ठोकला, लेकीचं डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना, शेवटी रात्री दहाला सगळं गुंडाळून खाली मीकर गावात येऊन झोपलो. सकाळी ती ठणठणीत. पहिली रात्र खालच्या गावात काढा, दुसऱ्या दिवशी हळूच वर चढा, पाणी पीत राहा, आणि डोकेदुखीबरोबर उलटी सुरू झाली तर वाट न बघता खाली उतरा. डेन्व्हरकडून जाणाऱ्यांनो, आय-७०वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायर-चेनचा नियम लागू असतो, गाडी त्या हिशेबाने तयार ठेवा.

शिकारीचे दिवस मुलाच्या तब्येतीने ठरवा. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालतं, पण पूर्ण दिवस ताणायची गरज नाही. पहाट बसलो, दहाला गाडीशी आलो, गरम काहीतरी खाल्लं, झोप काढली, तीनला पुन्हा. तिसऱ्या पहाटे लेक म्हणाली आज नाही उठवत, तर नाही उठवलं. त्याच संध्याकाळी त्या वासाच्या घळीच्या तोंडाशी सहा माद्या बाहेर आल्या. पहिली समोरून तोंड करून उभी, लेकीने नाही म्हटलं. दुसरीच्या मागे वासरू, नाही. तिसरी आडवी झाली, १३० यार्ड, चारही उत्तरं आली.

पुढची दहा मिनिटं मुलाला काय करायचं ते आधी माहीत हवं. गोळी सुटली की लगेच दुसरी भरायची आणि स्कोपमधून नजर काढायची नाही, पडली असं वाटलं तरी. जनावर उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा, दोन्ही फोनवर खूण करा. अर्धा तास बसा. आमची मादी पन्नास-साठ यार्ड चालून झाडीच्या कडेला खाली बसली आणि तशीच गेली. लेक त्या अर्ध्या तासात रडली, मग गप्प बसली, मग तिने सँडविच मागितलं. मी शाबासकी वगैरे काही दिली नाही, नुसता शेजारी बसून राहिलो, आणि आता विचार केला तर तेच बरं झालं. जवळ मागच्या बाजूने जायचं, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं, मगच हात लावायचा. टॅगवर तारीख, सही लगेच, पोराच्याच हाताने.

कातडं ताबडतोब काढा, कारण एल्कचं कातडं जाड आणि आतलं मांस मांडीच्या हाडापाशी बाहेर थंडी असली तरी खराब होतं. पोट न उघडता बाजूने सोलून चारही तंगड्या, पाठीच्या पट्ट्या आणि आतले कोवळे तुकडे काढायची पद्धत नवख्यांना सोपी पडते, व्हिडिओ बघून ठेवा, तीन धारदार सुऱ्या न्या. हे एवढं मांस नेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मादी असल्याचा पुरावा, म्हणजे कासेचा भाग, एका तंगडीला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्यायचा. तुकडे कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत, वारा लागेल असे टांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आम्हाला चार खेपा लागल्या, शेवटची रात्री पावणेअकराला संपली. पाठीच्या पट्ट्यांची पिशवी लेकीने स्वतः आणली, कोणाला हात लावू दिला नाही.

डोकं टाकून देऊ नका. हरणं-एल्क यांच्यात सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग असतो, १९६७मध्ये तो पहिल्यांदा फोर्ट कॉलिन्सलाच दिसला होता. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण पॉझिटिव्ह जनावराचं मांस खाऊ नका असाच सल्ला आहे, म्हणून डोकं तपासणी केंद्रावर द्या, काही युनिटमध्ये ते सक्तीचंही असतं. निकाल येईपर्यंत आमचं सगळं मांस गुंडाळून, प्रत्येक पुडक्यावर लेकीच्या अक्षरात तुकड्याचं नाव आणि तारीख लिहून, फ्रीझरच्या खालच्या खणात वेगळं ठेवलं होतं. दोन आठवड्यांनी ईमेल आला, निगेटिव्ह, आणि ती शाळेतून आल्या आल्या पाठीच्या पट्टीचं एक पुडकं बाहेर काढून ठेवून मगच दप्तर ठेवायला गेली.